बेवारस सांधे

काल्टनहुल्बच्या पठारावर बटाटे काढायला बसलं की आधी दगड निघतात आणि मग, नशिबात असला तर, बटाटा. आमची जमीनच तसली. औंदा सगळे दगड वेचून बांधाला टाकावेत, तर पुढच्या साली तेच धोंडे, तोंडावळ्यानं ओळखू यावेत असे, पुन्हा सरीत येऊन बसलेले. जुनी माणसं म्हणतात, आमच्याकडं दगड वितात. ओट्टमार खालच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीतनं आलेला. त्याला हे पटायचं नाही. पण त्याची सासू अप्पोलोनिया बायबलावर हात ठेवून सांगायची की तिनं एक धोंडी पोरांसकट पाहिली आहे, आणि पोरं आईला चिकटून होती.

त्या सकाळी धुकं असं दाट होतं की सरीच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या बाईला दिसत नव्हता. ऐकू मात्र येत होतं, आणि ऐकू यायचं ते सासूचंच. ओट्टमार खणायचा काटा फार खोल घालतो, बटाट्यांना भोकं पाडतो, खोऱ्यातल्या माणसांना जमीन म्हणजे लोणी वाटतं, असं एकेक धुक्यातनं गडगडत त्याच्यापर्यंत येत होतं. मधल्या मध्ये त्याची बायको लेने टोपल्या भरत होती. आईकडनं आलेलं बोलणं नवऱ्याकडं जाताना तिच्या डोक्यावरनं जायचं, म्हणून ती वाकूनच असायची.

तेवढ्यात दुधाची गाडी रस्त्यावर थांबली आणि गाडीवाल्यानं धुक्यात हाळी दिली की ओट्टमारच्या नव्या घरात गवंडी, गिलावेवाला आणि रंगारी तिघं एका वेळी शिरलेत. ओट्टमारनं काटा तिथंच टाकला. हे तिघं एका छपराखाली येणं म्हणजे आमच्याकडं डोंगरावर मासळी चढण्यापैकीच होतं.

ओट्टमार हा घरजावई. आता घरजावई म्हटलं की माणसं हसतात, पण ज्याचं त्याला ठाऊक. अप्पोलोनियाचं घर गोठ्यावर बांधलेलं, आणि वरच्या मजल्यावर जावई-लेकीच्या खोलीला जायची वाट सासूच्या खोलीतनं. दुसरी वाटच नाही. रात्री निजायला जाताना सासूच्या पलंगाला वळसा घालून जायचं आणि सकाळी तसंच परत यायचं. म्हातारी कधी झोपलेली सापडली नाही. दिवा विझवून, पिसांची रजई हनुवटीपर्यंत ओढून ती वाट बघत असायची, आणि ओट्टमारचा पाय उंबऱ्यावर पडला की अंधारातनं आवाज यायचा, “पाय पुसून जा.” लग्न झाल्यापासून ओट्टमार बायकोशी जे काही बोलला, ते कुजबुजत. बाजाराच्या गावी गेला तर तिथंही तो कुजबुजायचा. दुकानदारांना वाटायचं, याला काहीतरी चोरीचं विकायचंय.

म्हणून त्यानं घर बांधायला काढलं होतं. गावाच्या कडेला लेनेच्या बापानं लेकीच्या नावे ठेवलेला जागेचा तुकडा होता, त्याच्यावर. दिवसा सासूची शेती, दिवस कलला की स्वतःच्या भिंती, असं करत करत घर उभं राहिलं. आणि अडलं कुठं, तर छतात.

आमच्याकडं आजवर छतं फळ्यांची व्हायची, नाहीतर बोरूवर माती लिंपलेली. ओट्टमारनं नवं काढलं. कारखान्यात ओतून तयार झालेल्या काँक्रीटच्या लाद्या, एकेक भिंतीएवढी लांब, त्यानं मागवल्या. त्या आल्या त्या दिवशी गावात कुणी दूधसुद्धा काढलं नाही. क्रेननं लादी उचलली की सगळं गाव मान वर करायचं, ठेवली की खाली करायचं. दुसऱ्या दिवशी निम्मं गाव मानेला शेक घेत होतं. लाद्या एकीला एक लावून ठेवल्या, वरून काँक्रीट ओतलं. खालून बघाल तर आरशासारखं गुळगुळीत. फक्त लादीला लादी भिडली होती तिथं बोटभर रुंदीची फट, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पुढच्या मोठ्या खोलीत असे तीन सांधे.

आणि ते भरायचे कुणी? बापजाद्यांच्या छतांना सांधेच नव्हते, त्यामुळं बापजाद्यांनी याचा नेम घालून दिलेला नव्हता. कामं सगळी हातावर हात मारून ठरलेली. सांध्याचं कुणाच्या तोंडी आलंच नव्हतं.

ओट्टमार धापा टाकत पोचला, तर तिघं मोठ्या खोलीत माना वर करून उभे. गवंडी ऑयगेन हा लेनेचा चुलतभाऊ, बैलाच्या बांध्याचा. गिलावेवाला गॉटलोब गावच्या वाजंत्री पथकाचा म्होरक्या. त्याच्या पथकात ओट्टमार तो सगळ्यात मोठा पितळी भोंगा फुंकायचा, आणि आयुष्यात मोठ्यानं आवाज करायची त्याला तेवढीच जागा होती. तिसरा रंगारी विलिबाल्ड, सडसडीत, केसाला तेल. लेनेला त्यानं एके काळी मागणी घातली होती आणि नकार खाल्ला होता. त्याला डावलावं, तर गाव म्हणणार, ओट्टमार अजून जळतो. म्हणून तोच.

ऑयगेननं सुरुवात केली. “दाजी, माझं काम घर उभं करायचं. उभं हाय का न्हाई? गवंडी म्हंजी दगडाचा माणूस. आन् ही फट म्हंजी दगड न्हवं, दगड नसल्याली जागा हाय. नसल्याल्या वस्तूचं मी काय करू?”

गॉटलोबनं मिशी पिळली. “गिलावा भितीला आसतोय. कारखान्यानं छत असं गुळगुळीत धाडलं, तवाच माझ्या पोटावर पाय दिला. आता त्येनं टाकल्यालं उष्टं मी काढू व्हय?”

“माझं तर काय म्हणणंच न्हाई,” विलिबाल्ड म्हणाला. “काय द्याल त्यावर रंग लावीन. भित द्या, लाकूड द्या, म्हस द्या. पर हवेला रंग लावाय मला कुणी शिकवलं न्हाई.”

ओट्टमार कुजबुजला, “मग मीच भरतो की.”

तिघांच्या माना एकदम खाली आल्या. मग तिघं, उभ्या जन्मात पहिल्यांदा, एकमतानं बोलले. ऑयगेन म्हणाला, परक्याची थापी सांध्यात गेली की छत आपलं नव्हे. उद्या डोक्यावर आलं तर आपल्याकडं यायचं नाही. गॉटलोब म्हणाला, शेतकऱ्यानं भरलेल्या सांध्याला त्याचा गिलावा टेकणार नाही, तो भिंतीवरचाही खरवडून नेईल. विलिबाल्ड म्हणाला, असल्या लिंपणावर ब्रश फिरवला तर त्याचा मेलेला बाप थडग्यात कूस बदलेल. आणि जाता जाता ऑयगेननं सांगून टाकलं:

“ध्यानात ठेवा दाजी. ज्येची थापी सांध्याला, त्येचं छत खांद्याला.”

हे वाक्य त्यानं त्या क्षणी रचलेलं होतं. पण दिवस मावळायच्या आत गाव ते असं बोलायला लागलं, जणू नोहाच्या नावेवर खिळ्यानं कोरलेलं होतं.

भागीचं घोडं किवणानं मेलं म्हणतात, तसं ओट्टमारच्या घराचं झालं. सांधे नाहीत म्हणून रंग नाही. रंग नाही म्हणून खालची फरशी नाही. फरशी नाही म्हणून शेगडी बसत नाही. आणि आमच्या पठारावर शेगडीवाचून हिवाळा काढतो म्हणणारा माणूस वसंतात सापडतो तो बर्फाखाली. बाहेरगावचा कारागीर आणावा, तर तिघांचा एकदम अपमान: सोयरा तुटणार, पथक तुटणार, आणि लेनेच्या जुन्या मागणीवरनं गावभर पुन्हा कीर्तन. घर समोर उभं होतं, किल्ली खिशात होती, आणि ओट्टमार रोज संध्याकाळी सासूच्या पलंगाला वळसा घालत होता.

गावात तीन तट पडले. बायका नळावर गवंड्याच्या, गिलावेवाल्याच्या, नाहीतर रंगाऱ्याच्या बाजूनं भांडायच्या. ‘मेंढरू’ खानावळीत रविवारी तीन वेगवेगळी टेबलं लागायला लागली, आणि जो कुणाच्याच बाजूचा नव्हता त्याला उभ्यानं प्यावं लागायचं. पथकात तुताऱ्या ऑयगेनच्या बाजूला गेल्या, ढोल गॉटलोबच्या. प्रेतयात्रेला वाजवताना दोघांनी मुद्दाम वेगळा ठेका धरला, आणि मेलेला माणूस खांदेकऱ्यांच्या हातात असा हेलकावत गेला की विधवेला वाटलं, जीव आला. ओट्टमारनं शेवटी पाद्रीबाबांना विचारलं. पाद्रीबाबांनी बराच विचार करून सांगितलं की दोन वस्तू जिथं भेटतात ती जागा देवाची असते. ओट्टमारनं विचारलं, देव थापी घेऊन साधारण कधी येईल. पाद्रीबाबांनी त्याला नाताळापर्यंत चर्चच्या मागच्या बाकावर बसवलं.

एका गोष्टीनं मात्र तो चक्रावला. तिघांपैकी एखादा थोडा मऊ झालाय असं वाटलं, की दोन दिवसांत तो पुन्हा दगड व्हायचा. आणि दगड व्हायच्या आधी तो हटकून अप्पोलोनियाच्या स्वयंपाकघरातनं बाहेर पडताना दिसायचा, मिशीवरची मोस्त, म्हणजे सफरचंदाची आंबूस दारू, पुसत. ओट्टमारनं एकदा विचारलं, तर सासू म्हणाली, तहानलेल्याला पाणी पाजू नये असं खोऱ्यात शिकवतात का.

एका रविवारी त्यानं ठरवलं. सगळं गाव चर्चमध्ये असताना तो एकटा नव्या घरात गेला, बादलीत फटी बुजवायची लांबी कालवली आणि शिडीवर चढला. थापी सांध्याला लागायला हातभर अंतर राहिलं असेल, तेवढ्यात खिडकीत गॉटलोब. ओल्या लांबीचा वास त्याला चर्चमध्ये, उपदेशाच्या मध्यावर आला होता म्हणे. आणि लांबीचा वास इतका लांब जात नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी गॉटलोबचं नाक पाहिलेलं नाही. त्याच्या मागं ऑयगेन, त्याच्या मागं विलिबाल्ड, तिघांच्या काखेत भजनाची पुस्तकं.

“थापी खाली ठेव,” गॉटलोब म्हणाला. रागानं नाही, अगदी समजुतीनं. “आज सांध्याला लागलास, तर उद्यापासनं भोंगा दुसऱ्याच्या त्वांडात.”

ओट्टमार खाली उतरला. ते तिघं आणि तो, असे चौघं बोलत राहिले, आणि तेवढ्यात बादलीतली लांबी थापीसकट वाळून धोंडा झाली. अप्पोलोनियानं ती बादली नेली आणि गोठ्याच्या दाराला टेकण म्हणून लावली. जाता येता ओट्टमारला ती उभी थापी दिसायची.

पहिलं दहिवर गोठलं. कोबीची पानं सकाळी हातात काचेसारखी मोडायला लागली. लेने जेवताना बोलेनाशी झाली. मसुराच्या आमटीत शेवया ढवळत बसायची आणि वर छताकडं बघायची. आईच्या घरचं छत फळ्यांचं, तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. एका रात्री, कुजबुजत, ती एवढंच म्हणाली, “तुमी पुरुषांस्नी विचारत बसलाय. इथंच चुकलं.”

आमच्या गावात भाकरीची भट्टी सगळ्यांची मिळून एक. वेशीजवळ दगडी खोपट आहे, तिथं शनिवारी बाया भाजायला जमतात. ज्या घराचा नंबर पहिला, त्याला थंडगार भट्टी तापवावी लागते; लाकूड त्याचं जळतं आणि पहिली भाकरीही त्याचीच जळते. मागनं येणाऱ्यांना आयती ऊब. म्हणून नंबर चिठ्ठीसारखा निघतो: कातड्याच्या पिशवीत लाकडी बिल्ले, प्रत्येक घराला एक, त्यातला एक काजळीनं काळा केलेला. काळा ज्याच्या हाती, थंड भट्टी त्याची. त्याला नाही म्हणायचं नसतं. एका बाईला बिल्ला हातात असताना कळा सुटल्या, तर तिनं दाई आणि सरपण एकाच हाकेत बोलावलं होतं. पिशवी राखायचा मान अप्पोलोनियाचा. तिच्या सासूकडनं तिला आलेला.

त्या शनिवारी ओट्टमार सासूच्या सरपणाच्या झिलप्यांचा भारा खांद्यावर घेऊन भट्टीशी आला, तर बाया नेहमीसारख्या बडबडत नव्हत्या. मधोमध लेने उभी होती. कणकेचे हात तसेच.

“बायांनो,” ती म्हणाली, “आज पिशवीत भट्टी न्हाई. भट्टी आज माझ्या लाकडावर तापंल, सगळ्यांस्नी. आज पिशवीत माझं छत हाय. काळा बिल्ला ज्येच्या घरला, त्येच्या घरच्या गड्यानं सांधे भरायचं. आन् बाकीच्यांनी ब्र काढायचा न्हाई. रंगाऱ्यानं रंग लावायचा, गिलावा आपल्या जाग्यावर ऱ्हाईल, आन् छत गवंड्याचंच.”

ओट्टमारला वाटलं, आता भांडण. पण गवंडीणबाई पहिली पुढं आली. “घाल बाई पिशवीत. आमच्यात तर जेवताना बी छतच. काल आमटीत केस निघाला, तर म्हणतोय गिलावेवाल्याचा आसंल.”

गिलावेवालीण म्हणाली की तिचा नवरा झोपेत मिशी पिळतो, आणि परवा तिच्या वेणीलाच मिशी समजून… मग तिनं ते वाक्य पुरं केलं नाही. रंगारीणबाईनं नुसतं भट्टीच्या लोखंडी दारावर हात ठेवला. आमच्याकडं त्या दारावर हात ठेवून बोललेलं मोडलं, तर भाकर फुगत नाही. एकेकीनं हात ठेवला.

मग एक बाई म्हणाली, अप्पोलोनियाचा बिल्ला आज नको. घर तिच्याच लेकीचं.

म्हातारीनं पिशवी पोटाशी धरली. “ह्या भट्टीची राख माझ्या फुप्फुसात हाय. माझा हात पिशवीत गेल्याबिगर काळा निघाल्याला ह्या गावानं कधी बघितलाय का? सगळ्यांमागनं, शेवटाला घेते. उरंल ते माझं.”

बिल्ले निघायला लागले. गवंडीणीला पांढरा. तिनं सुस्कारा सोडला. तो नवऱ्यासाठी होता की स्वतःसाठी, कळलं नाही. गिलावेवालीणीला पांढरा. रंगारीणीनं डोळे मिटून हात घातला, पांढरा. मग बाकीच्या, एकामागून एक, सगळ्या पांढऱ्या. ओट्टमार खांद्यावरचा भारा उतरायचं विसरून उभा होता. एकच बाई राहिली होती.

अप्पोलोनियानं पिशवीत हात घातला, जरा चाचपल्यासारखं केलं आणि मूठ बाहेर काढून उघडली. काळा.

बायांच्या तोंडून एकदम श्वास सुटला. पण ओट्टमारनं एक गोष्ट पाहिली होती, आणि ती त्यानंच पाहिली, कारण बाकी सगळ्या म्हातारीच्या तोंडाकडं बघत होत्या आणि तो सवयीनं तिच्या तोंडाकडं बघत नसे. तिचा हात पिशवीत जायच्या आधी पिशवी रिकाम्या मोज्यासारखी लोंबत होती. आणि म्हातारीच्या पांढऱ्या एप्रनच्या खिशाला काजळीचं बोट लागलेलं होतं.

तो बोलणार होता. तोंड उघडलंही होतं. मग त्याच्या ध्यानात आलं की काळा बिल्ला तिच्या घरचा म्हणजे कुणाचा. म्हणजे थापी आता त्याच्या हातात. गावानं दिलेली, भट्टीनं दिलेली, नाही म्हणता न येणारी. त्यानं तोंड मिटलं.

“माझ्या घरचा गडी कोण, म्हायती हाय न्हवं?” अप्पोलोनिया सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “माझा जावई. आजपासनं समद्या गावाम्होरं सांगते, ओट्टमार माझ्या घरचा कर्ता.”

इतक्या वर्षांत तिनं त्याला असं कधी म्हटलं नव्हतं. खांद्यावरचा भारा अजून तसाच आहे, हे ओट्टमारला आत्ता कळलं. त्यानं तो भट्टीच्या तोंडाशी उतरवला.

सोमवारी उजाडताच तो शिडीवर चढला. सांधा ब्रशनं झाडला, पाण्यानं भिजवला आणि लांबी दाबून भरायला सुरुवात केली, आधी खोल, मग वर पातळ, लांबी सपाट करायची पत्ती ओढत ओढत. बटाट्याच्या सरीवर माती चढवावी तसं ते काम होतं, फक्त उलटं, आणि माती डोळ्यात पडणारी. खाली दारात तिघं उभे, हात खिशात. बायकांनी हात ठेवला होता, म्हणून तोंडाला कुलूप. पण ओट्टमारची पत्ती डावीकडं झुकली की गॉटलोबचा खांदा आपोआप उजवीकडं जायचा, आणि ऑयगेन दात आवळून असा काही कण्हायचा की मधल्या सांध्याला ओट्टमारचा हात हललाच. विलिबाल्ड छताकडं न बघता लेनेच्या नव्या खिडक्यांकडं बघत होता. जेवायला म्हणून तिघं गेले. ओट्टमार खाली उतरून बघतो, तर खिडकीच्या कठड्यावर गॉटलोबची स्वतःची थापी, त्याच्या आजाची, बीच झाडाच्या लाकडाच्या मुठीची, जी तो बायकोलाही उचलू देत नसे. विसरून राहिली म्हणे. ओट्टमारनं ती पुढं वापरली, आणि संध्याकाळी धुऊन तिथंच ठेवली. त्याबद्दल कधी कुणी बोललं नाही. पुढच्या तालमीला तुताऱ्या आणि ढोल एकाच ठेक्यात होते.

मग सगळं भरभर झालं. रंग लागला, फरशी आली, शेगडी बसली. बर्फ पडायच्या आत, रविवारच्या दुपारी, गाव नव्या घरी भाकर आणि मीठ घेऊन आलं. आमच्या रीतीप्रमाणं उंबरा ओलांडला की एकेकानं मान वर करून छत पाहिलं, पसंत म्हणून जीभ टाळूला लावून टक् वाजवली आणि मगच मीठ ठेवलं. लेने सगळ्यांना मोठ्यानं या म्हणत होती. ओट्टमारही म्हणाला, “या, या,” आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकला. पुढच्या खोलीच्या पलीकडच्या दारामागं त्यांची निजायची खोली होती. स्वतःच्या बायकोशी स्वतःच्या आवाजात बोलायला त्या खोलीत आता कुणाची आडकाठी नव्हती.

तेवढ्यात अंगणात हातगाडी कुरकुरली.

गाडीवर पलंगाच्या फळ्या, पिसांची रजई, कोंबड्यांची खुराडी आणि वर, गडावर निशाण असावं तशी, ती लांबी वाळलेली बादली, थापी उभी. गाडी अप्पोलोनिया स्वतः ओढत होती, आणि दोन धट्टीकट्टी माणसं मागनं ढकलत होती. गवंडी आणि गिलावेवाला.

ओट्टमार दारात आडवा झाला. “आई, हे काय?”

“पलंग.”

“कुणाचा?”

“माझा. मग काय गायीचा?” तिनं हातमोजे काढले. “घराचा कर्ता कोण, बिल्ल्यानं सांगितलंय. कर्ता जिथं, घर तिथं. आन् घर जिथं, तिथं मी. गाई ऑयगेनच्या गोठ्यात बांधल्या. मी तिथं एकटी काय दगडांशी बोलत बसू? ते वित्यात, पर बोलत न्हाईत.”

भाकरी हातात धरलेल्या बाया मागं उभ्या होत्या. त्यांनी बाजूला सरून वाट केली. बिल्ल्याला नाही म्हणायचं नसतं.

एक वाक्य होतं ओट्टमारकडं. पिशवी रिकामी होती. एवढंच. पण पिशवी रिकामी, तर बिल्ला खोटा. बिल्ला खोटा, तर सांधे बेवारस. आणि सांधे बेवारस, तर वरचा रंग, खालची फरशी, कोपऱ्यातली शेगडी, सगळं उद्या सकाळी पुन्हा तीन टेबलांवर. तो सासूकडं बघत राहिला. सासूनंही पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघितलं, आणि तिला कळलं की त्याला कळलंय.

“काय बोलायचंय का, ओट्टमार?”

“न्हाई, आई.”

“मग पलंगाचं त्या अंगाचं टोक धर.”

पलंग शेगडीशी लागला, पुढच्या खोलीत, कारण म्हातारीचे गुडघे थंडीनं धरायचे आणि शेगडी तिथंच होती. निजायच्या खोलीचं दार पलंगाच्या पलीकडं राहिलं. दुसरी वाट नव्हती. घर बांधताना दुसऱ्या वाटेची गरज आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

पाहुणे गेले. लेनेनं दिवा बारीक केला. शेगडीत बीचचं लाकूड तडतडत होतं, बाहेर पहिला बर्फ धरत होता, आणि ओट्टमार चपला हातात घेऊन, पलंगाला वळसा घालत, दाराकडं निघाला. म्हातारी उताणी पडून, रजई हनुवटीपर्यंत घेऊन छताकडं बघत होती.

“मधला सांधा वाकडा हाय,” ती म्हणाली.

ओट्टमारनं वर बघितलं. होता.

“व्हय, आई,” तो कुजबुजला.

“आसू दे. तिकडं नुसत्या फळ्या. माणसाच्या नजरेला काय तरी धरायला लागतंय.” मग रजई जरा आणखी वर ओढून: “पाय पुसून जा.”